व्यंकटरावांचं कंट्रोल

झरीत टीव्ही पुष्कळांनी आणले, पण टीव्हीचा संसार मांडला तो एकट्या व्यंकटरावांनी. बाकीच्यांनी पेटी आणली, तिच्यावर भरतकामाचा रुमाल टाकला, पहिल्या दिवशी उदबत्ती ओवाळली आणि समोर सतरंजी अंथरून बसले. व्यंकटरावांना तेवढ्यावर चैन पडेना.

"टीव्ही एकीकडं, टेप एकीकडं, रेडू माजघरात, लाइटीची बटनं दारादाराला. ह्याला काय घर म्हनावं?" त्यांनी बायकोला विचारलं.

धुरपताबाई तेव्हा ज्वारी निवडत होती. तिला त्या घराला घरच म्हणावं असं वाटत होतं. पण नवऱ्यानं प्रश्न विचारला म्हणजे त्याला उत्तर हवं असतंच असं नाही, हे ती लग्न झाल्या झाल्या शिकली होती. ती निवडत राहिली.

व्यंकटरावांना विजेचं वेड पहिल्यापासून. जमीन काळी, विहिरीला पाणी, त्यामुळं पोटाची फिकीर नव्हती. तरुणपणी कापूस घेऊन परभणीला गेले की गाडी गड्याच्या हवाली करून ते रेडिओ दुरुस्तीच्या एका दुकानात जाऊन बसायचे. तिथं त्यांना जे ज्ञान मिळालं ते अर्धं होतं, आणि अर्धं ज्ञान माणसाला स्वस्थ बसू देत नाही. गावात कुणाचा फ्यूज उडाला की बोलावण्याची वाट न बघता हे हजर. विजेचे झटके तर इतके खाल्ले होते, की तात्याराव म्हणायचे, "मालकाला आता इंचू बी भिऊन असतो." तात्याराव म्हणजे शेजारी, जिभेला हाड नसलेला माणूस आणि व्यंकटरावांच्या चहाचा रोजचा भागीदार.

त्या उन्हाळ्यात व्यंकटरावांनी सागवानाची एक फळी मिळवली, तिला पॉलिश केलं आणि बैठकीत आपल्या दिवाणाच्या उशाशी भिंतीत ठोकली. फळीवर बटनांच्या ओळी. साऱ्या घरातून वायरी आल्या. भिंतीवरून आल्या, तुळईवरून आल्या, एक देवघराच्या कोनाड्यातून आली आणि एक धुरपताबाईच्या लोणच्याच्या बरण्यांमधून. एक बटन दाबलं की टीव्ही, दुसरं दाबलं की टेप. टीव्हीचा आवाज हवा तर स्वयंपाकघरातल्या स्पीकरच्या डब्यात सोडता येई, हवा तर गोठ्यातल्या डब्यात, आणि गच्चीवर एक कर्णा बांधला होता, त्यात सोडला तर अर्ध्या गावाला बातम्या फुकट. अंगणातला दिवा, गोठ्यातला दिवा, घरामागच्या विहिरीची मोटार, सगळ्याचा लगाम त्या फळीवर. लाइट गेली तर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर टीव्ही तेवढा तग धरून राही. आणि एक बटन घंटीचं. घंटी वाजायची स्वयंपाकघरात. एकदा वाजली तर पाणी, दोनदा वाजली तर चहा.

ह्या सगळ्या कारभाराला व्यंकटरावांनी नाव दिलं होतं, कंट्रोल.

"मानसानं उठायचंच कामून?" ते दिवाणावर मांडी ठोकून आल्यागेल्याला विचारायचे. "समदं बसल्या जागी झालं पायजे."

आणि आल्यागेल्यांची कमी नव्हती. ताडकळसचे पाहुणे आले, जिंतूरचा एक अडत्या आला. तो तर देवळात शिरावं तसा चपला उंबऱ्याबाहेर काढून आत आला. व्यंकटराव एकेक बटन दाबून दाखवायचे. दिवा लागायचा, टेप गायचा, विहिरीवर मोटार घरघरायची. पण सगळ्यांत जास्त नवल वाटायचं ते घंटीच्या बटनाचं. दोनदा दाबलं की थोड्या वेळानं आतून कपबशांचा ट्रे यायचा.

"काय मशीन हाय," जिंतूरचा अडत्या फुर्रकन चहा ओढत म्हणाला. ट्रे धरून उभ्या असलेल्या धुरपताबाईनं पदर सावरला आणि रिकामी कपबशी घेऊन आत गेली.

पण दिव्याखाली अंधार असायचाच. परभणीचा टॉवर झरीपासून लांब, त्यामुळं चित्र यायचं ते नाराज पाहुण्यासारखं. आलं तरी बसायचं नाही. व्यंकटरावांनी गच्चीवर उंच लोखंडी पाइप उभा केला, त्यावर अँटिना चढवला, अँटिनाला बूस्टर लावला. तरी पडद्यावर मुंग्याच मुंग्या. एका रविवारी धुरपताबाई वाळत घातलेल्या कुरडया उलथायला गच्चीवर गेली होती. वाऱ्यानं पाइप डुगडुगायला लागला, म्हणून तिनं तो हातानं धरला. खाली एकदम मोठा गलका झाला. काहीतरी मोडलं असं वाटून तिनं हात काढला, तर त्याहून मोठा गलका झाला.

"सोडू नको, सोडू नको," जिन्याच्या तोंडाशी येऊन व्यंकटराव ओरडत होते. "धर तसाच. काचंवानी दिसायलंय."

तेव्हापासून ते काम तिच्याकडं लागलं. व्यंकटरावांनी तिला मोकळं करायचा प्रयत्न केला नाही असं नाही. गड्याला वर धाडून बघितलं, तात्यारावांना धाडून बघितलं. त्यांनी पाइपाला मिठी मारली तरी मुंग्या हटेनात. पाइपाला तांब्याची तार गुंडाळली, जर्मनचं झाकण बांधलं, मीठ आणि कोळसा घालून अर्ध्या ज्ञानानं खड्ड्यात अर्थिंग पुरली. कशाचा गुण येईना. चित्राला धुरपताबाईच लागायची.

"तुज्या अंगात कायतरी करंट हाय बघ," व्यंकटराव कौतुकानं म्हणाले. संसारात त्यांनी बायकोचं कौतुक केल्याचे प्रसंग कमी, त्यामुळं तिला त्या दिवशी बरंही वाटलं.

खरी गोष्ट साधी होती. गडी काय, तात्याराव काय, रबरी चपला घालून गच्चीवर चढायचे. धुरपताबाई जिथं पापड-कुरडया वाळत घालायची तिथं चप्पल घालून पाय ठेवणं तिला मेलं तरी जमलं नसतं. ती अनवाणी असायची, आणि खरी अर्थिंग तिच्या पायांतून मिळायची. पण हातांकडं सगळ्यांचं लक्ष. पायांकडं कोण बघतो? व्यंकटराव स्वतः मात्र पाइप धरायला कधी वर गेले नाहीत. चित्र चांगलं की वाईट हे ठरवायला जाणता माणूस खालीच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि घरात जाणता माणूस एकच होता.

रोज नव्हे, पण रविवारची मालिका, क्रिकेटची मॅच, एखादा बरा सिनेमा लागला की ती वर. शेजारी कर्णा गर्जायचा, त्यामुळं ऐकू सगळं यायचं. देवांचे आवाज ती ओळखायची, राक्षसांचे तर हसण्यावरून ओळखायची. तोंड मात्र तिनं कुणाचं धड बघितलं नव्हतं. पलीकडच्या कुसुमबाईनं एकदा विचारलं, "काल राणीचं लुगडं कोन्त्या रंगाचं असंल गं?" टीव्ही काळापांढरा होता, तरी बायका रंगांवर वाद घालायच्या. धुरपताबाई म्हणाली, "तुमी सांगा, मी तसंच समजते."

ह्या बाईनं आयुष्यात एकदाच हट्ट केला होता. पोरगी सुनेत्रा दहावी झाली तेव्हा व्यंकटरावांच्या डोक्यात एक स्थळ होतं, मुलाची स्वतःची जीप होती. धुरपताबाई काही बोलली नाही. फक्त दोन्ही वेळेला स्वयंपाक करून वाढायची आणि स्वतः जेवायची नाही. व्यंकटरावांनी आधी दुर्लक्ष केलं, मग राग केला, मग घाबरले. सुनेत्रा पुढं शिकली आणि परभणीला कृषी विद्यापीठात गृहविज्ञानाला गेली, वसतिगृहात राहायला लागली. गृहविज्ञान म्हणजे घरकामच शिकवत असणार, ह्या समजुतीवर व्यंकटरावांनी मनाला आवर घातला. पोरगी सुट्टीत यायची, पुस्तकं उघडून बसायची, आईला काहीबाही विचारायची. दिवसातून किती वेळा वाकतेस, किती वेळा उठतेस, पाण्याला किती खेपा करतेस. "काय करायचंय तुला मोजून?" असं म्हणत धुरपताबाई हसायची. ती गेली की घर भकास वाटायचं आणि आईला पदरानं डोळे पुसायला गोठ्यात जावं लागायचं.

आणि एका चैत्रात दूधगाडीवाल्यानं निरोप आणला. टीव्हीवाल्यांची गाडी परभणीला येऊन गेली होती, गृहविज्ञानाच्या मुलींशी बोलून गेली होती, आणि गुरुवारी संध्याकाळी शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात सुनेत्रा दिसणार होती. तिला घरी यायचं होतं, पण मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून पुन्हा बंद पुकारला होता आणि एस.ट्या डेपोत उभ्या होत्या. बंद नामांतर व्हावं म्हणून आहे की होऊ नये म्हणून आहे, असं व्यंकटरावांनी विचारलं, तर दूधगाडीवाल्याला ते सांगता येईना. त्याच्या मते एस.टी. दोन्ही कारणांनी सारखीच उभी राहते.

धुरपताबाई उंबऱ्यातून ऐकत होती. रात्री जेवण वाढताना ती म्हणाली, "गुरवारी मला बघायचंय."

"म्हंजी? बघायचंच की."

"वर उभं ऱ्हाऊन न्हाई. खाली बसून. पोरीचं तोंड बघायचंय मला."

व्यंकटरावांचा घास हातातच राहिला. ते वाईट माणूस नव्हते. फक्त ही गोष्ट त्यांच्या कधी ध्यानात आली नव्हती. "तू माज्या शेजारी खुर्चीत बसायचं," त्यांनी शब्द दिला. "बंदोबस्त करतो."

आणि त्यांनी केलाही. पाइपाला तिन्ही बाजूंनी तारांचे ताण दिले, बूस्टर बदलला, जोड घासून लखलखीत केले. सगळ्या गावाला सांगून ठेवलं. ज्यांना बैठकीत जागा मिळणार नाही त्यांनी निदान ऐकावं, म्हणून गच्चीवरचा कर्णा पुरता सोडायचं ठरवलं. पोरगी त्यांचीही होती, आणि त्यांचाही ऊर भरून आला होता.

गुरुवारी धुरपताबाईनं स्वयंपाक दुपारीच उरकला, ठेवणीतलं पातळ नेसली आणि खुर्चीत बसली. सतरंजीवर पुरुष, दारात कुसुमबाई आणि बायका. दिवाणावर कंट्रोलपाशी व्यंकटराव, पाय वर घेऊन. आपल्याच घरात आपण पाहुणे आलोत असं तिला वाटत होतं. खुर्चीचे हात कशासाठी असतात, तेही तिला कळेना. पडद्यावर आधी बातम्या होत्या. ज्या माणसाला आवाजावरून ती इतके दिवस पिकल्या केसांचा समजत होती, तो कोवळा पोरगा निघाला.

कार्यक्रम सुरू झाला. निवेदिका म्हणाली, घरात बाईला पडणारे कष्ट कमी कसे करावेत, हा आजचा विषय. मग म्हणाली, आपल्याबरोबर आहेत, आणि नेमकी त्याच वेळेला बाहेर वावटळ उठली. दार आपटलं, वर तारा किंचाळल्या, आणि पडद्यावर मुंग्या भरल्या.

व्यंकटरावांनी एक बटन दाबलं, दुसरं दाबलं, एक खुंटी फिरवली. मुंग्या तशाच. मग सतरंजीवरची माणसं मागं वळली. टीव्हीकडं कुणीच बघत नव्हतं. सगळे धुरपताबाईकडं बघत होते. दारातल्या बायकाही, आणि शेवटी व्यंकटरावही.

"सुरुवातीपुरतं धर," ते हळूच म्हणाले. "मंग बसशील."

ती उठली. उठायची इतकी सवय होती, की नाही म्हणायचं तिला जिन्यात सुचलं, आणि तोवर ती वर पोचली होती. तिनं पाइप धरला. खालून समाधानाचा आवाज आला. आणि तिच्या डोक्यावरच्या कर्ण्यातून सुनेत्रा बोलली.

पोरीचा आवाज कर्ण्यातून पत्र्यावर घासल्यासारखा येत होता, तरी तिचाच होता. ती आपलं नाव सांगत होती, गाव सांगत होती. झरी हा शब्द झरीवरूनच घुमत गेला.

"आली, आली," खाली तात्याराव म्हणत होते. "वैनी, हलू नका."

"कानात काय घातलंय गं पोरीनं?" कुसुमबाईचा आवाज. "शोभायलंय लय."

काय घातलंय? धुरपताबाईला ते ठाऊक नव्हतं. पोरीच्या कानात काय आहे ते पलीकडच्या कुसुमबाईला दिसत होतं, तात्यारावाला दिसत होतं, दोन पैशाचं नातं नसलेल्या माणसांना दिसत होतं, आणि जिनं तिचे कान टोचले ती इथं पाइप धरून उभी होती. तिला राग आला. लहानपणापासून गिळलेला सगळा राग एकदम वर आला असावा. तिनं पाइप सोडला.

खाली गलका उठला. ती जिना उतरून बैठकीत आली, वाट काढत खुर्चीपाशी गेली आणि बसली. पडद्यावर नुसत्या मुंग्या, आणि मुंग्यांमधून पोरीचा आवाज.

"अगं, सोडलास कामून?" व्यंकटराव म्हणाले.

"तुमी जावा वर."

"मी?" त्यांनी फळीकडं हात केला. "अन् हे कंट्रोल?"

"हितं मी बसलेय."

बैठकीत कुणी हसलं नाही. तात्यारावांना बोलायचं होतंच, पण त्यांनी कधी नव्हे ते कामाचं बोलून घेतलं. "जावा मालक. पोरगी निगून जायलीय."

व्यंकटराव दिवाणावरून उतरले. चपला कुठं आहेत ते बघायलाही वेळ नव्हता. अनवाणीच धावले. डोक्यावर स्लॅबवर त्यांची पावलं धपधपली, थांबली, आणि मुंग्या गेल्या. चित्र आलं, आणि ते धुरपताबाईच्या हातानं यायचं त्याहून जरा जास्तच स्वच्छ आलं. सतरंजीवरच्या माणसांनी एकमेकांकडं बघितलं. करंट कुणाच्या अंगात आहे, हा प्रश्न झरीत पुन्हा कुणी काढला नाही.

सुनेत्रा मुलींच्या ओळीत मधोमध बसली होती. वाळली होती. वसतिगृहात नीट जेवत नसणार. भांग आईसारखाच पाडला होता. कानात आईच्या जुन्या कुड्या होत्या, जाताना दिलेल्या. धुरपताबाईनं डोळे पुसले नाहीत, कारण पुसायच्या वेळात चित्र गेलं तर काय घ्या.

"तुमच्या घरी अशी कष्ट वाचवणारी साधनं आहेत का?" निवेदिकेनं विचारलं.

"आहेत," सुनेत्रा म्हणाली. "आमच्या वडिलांनी सगळं घर एका फळीवर आणलंय. टीव्ही, दिवे, विहिरीची मोटार. वडील बसल्या जागी सगळं चालवतात."

बैठकीत माना अभिमानानं हलल्या. तात्याराव म्हणाले, "ऐकलं का, मालकाचं नाव दिल्लीपोत्तर गेलं."

"मग आईचे कष्ट पुष्कळ कमी झाले असतील."

विचारात पडली की सुनेत्रा खालचा ओठ दातांत धरते, तसा तिनं धरला.

"नाही," ती म्हणाली. "आई पण त्याच फळीला जोडलेली आहे. घंटी वाजली की ती चहा करते, आणि चित्र गेलं की गच्चीवर जाऊन पाइप धरते. आमच्या घरात तेवढं एकच यंत्र आहे, ज्याला लाइट लागत नाही." निवेदिका हसली. सुनेत्रा हसली नाही. "हा कार्यक्रम आमचं सगळं गाव बघेल. आई बघणार नाही. ती वर असेल."

सतरंजीवरच्या माना खाली गेल्या. पण आवाज नुसता बैठकीत नव्हता. तो गोठ्यात होता, स्वयंपाकघरात होता, आणि गच्चीवरच्या कर्ण्यातून पिंपळाच्या पारापर्यंत चालला होता. कर्ण्याचं बटन धुरपताबाईच्या हाताशीच होतं. फळीवरचं कुठलं बटन कशाचं, हे इतक्या वर्षांच्या झाडझुडीत तिला डोळे मिटूनही पाठ झालं होतं. ते खाली ओढलं असतं तर निदान गावात तरी गेलं नसतं. तिनं हात मांडीवर ठेवला.

वर पाइप हलला नाही. चित्र शेवटपर्यंत स्थिर राहिलं. मग सुनेत्राचं तोंड गेलं आणि त्या जागी गाईला लस टोचणारा डॉक्टर आला. माणसं एकेक करून उठली, पायताणं हुडकून गेली. तात्याराव चहा न घेता गेले.

व्यंकटराव बऱ्याच उशिरानं खाली आले. दिवाणाकडं न जाता दारातच थांबले. हाताला पाइपाचा गंज लागला होता, तो ते धोतराला पुसत राहिले. पोरगी त्यांनी कर्ण्यातून ऐकली होती, पाहिली नव्हती; आणि ती कशी दिसली हे विचारायला घरात एकच माणूस होतं.

"कशी दिसली?" त्यांनी विचारलं.

टीव्हीवर पाहिलेलं कुणाला सांगायची धुरपताबाईची ही पहिलीच वेळ होती.

"तोंडवळा तुमचा हाय," ती म्हणाली. "बोलली मातर माज्या मनातलं."